मोठ्यांच्या नादाला एक खोली द्या

आपल्याकडे छंदाला वयाची अट आहे. आठवीतल्या मुलीनं दुर्बीण तयार केली तर शाळेत तिचं कौतुक होतं, स्थानिक पेपरात फोटो येतो. तीच दुर्बीण पंचेचाळिशीतल्या एखाद्या कारकुनानं करायला घेतली, की घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले मिळून एकच विचारतात : यातून मिळणार काय? या प्रश्नाला तीन उत्तरं चालतात. डॉक्टरांनी ताण कमी करायला सांगितलंय, मुलांच्या अभ्यासाला उपयोग होईल, किंवा पुढेमागे यातून चार पैसे सुटतील. मला या गोष्टीचा नाद लागलाय आणि ती मला मुळापासून समजून घ्यायची आहे, हे चौथं उत्तर मात्र मोठ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही असं मानलं जातं.

हे चौथं उत्तर मोकळेपणानं देता आलं पाहिजे, आणि ते देणाऱ्याला समाजानं जागा, हत्यारं आणि संध्याकाळचे दोन तास उपलब्ध करून दिले पाहिजेत. नादिष्ट माणसाला नुसतं सहन करून भागणार नाही. पदवी हातात पडली की बहुतेकांचं शिकणं बढतीपुरतं आणि नव्या सॉफ्टवेअरपुरतं उरतं. त्यानंतर एखादी गोष्ट पूर्ण काटेकोरपणानं, चुका करत, मोजत, पुन्हा करत शिकायची संधी मोठ्या माणसाला जवळजवळ फक्त छंदातच मिळते. ती संधी घराच्या एका कोपऱ्यात, लपूनछपून आणि अपराधी वाटून घ्यावी लागणं हे आपल्या सार्वजनिक व्यवस्थेचं अपयश आहे.

छंद चांगला असतो, असं मोघम म्हटल्यानं हे कोणाला पटणार नाही. नादात माणूस नेमकं काय करतो ते जवळून बघावं लागेल. म्हणून एकच नाद घेऊ : काचेची चकती हातानं घासून दुर्बिणीचा आरसा करण्याचा. महाराष्ट्रात आकाशाचं वेड जुनं आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. गोव्यात हौशी खगोलप्रेमींनी पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर लोकांसाठी वेधशाळा चालवली. बघणारे पुष्कळ आहेत. स्वतःचा आरसा स्वतः घासणारे त्या मानानं थोडे, पण नाद म्हणजे काय ते त्यांच्याकडे बघून सगळ्यात चांगलं कळतं.

पहिल्यांदा करणाऱ्यानं सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा घ्यावा आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याचा प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर ठेवावं. अंतराला व्यासानं भागलं की आठ येतात, म्हणून याला एफ/८ चा आरसा म्हणतात. काच २० ते २५ मिलिमीटर जाड हवी. त्याहून पातळ काच घासताना हाताच्या दाबानं वाकते. तेवढ्याच व्यासाची दुसरी चकती टेबलावर तीन लाकडी ठोकळ्यांमध्ये पक्की बसवायची. तिला टूल म्हणतात. टूलवर अर्धा चमचा ८० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि थोडं पाणी टाकायचं, वर आरशाची काच ठेवायची आणि तिचा मध्य टूलच्या कडेकडून जाईल अशी पुढेमागे घासायची. सात-आठ वेळा घासलं की वरची काच थोडी फिरवायची आणि आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. सुरुवातीला करकर असा मोठा आवाज येतो. पाच-सात मिनिटांत तो मऊ होतो, म्हणजे पावडरीचे कण झिजले. मग नवी पावडर. वरची काच मध्यभागी खोल होत जाते, खालची तेवढीच फुगते.

आरशाच्या मध्याची खोली किती हवी ते गणितानं निघतं. वक्रतेची त्रिज्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या, नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिलिमीटर. काचेच्या त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ७५ चा वर्ग ५६२५, त्याला २४०० च्या दुपटीनं भागायचं : १.१७ मिलिमीटर. ती मोजायला महागडं यंत्र लागत नाही. स्टीलची पट्टी आरशावर धारेवर उभी धरायची आणि मध्यभागी तिच्याखाली १.२ मिलिमीटरचा ड्रिल बिट सरकवून बघायचा. तो जेमतेम घासत आत गेला की खोदकाम संपलं. तीन शतांश मिलिमीटरच्या फरकानं नाभीय अंतर तीसएक मिलिमीटरनं कमी होतं. नळी तेवढी आखूड केली की झालं. इथवर यायला हातानं चार ते सहा तास लागतात.

आता मौज अशी की ही वाटी गोलाचाच तुकडा व्हावी म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासत राहिले, तर जिथे उंचवटा असेल तिथेच झीज होते, आणि कसंही फिरवलं तरी सगळीकडे टेकून राहणारा आकार गोलाचाच असतो. मात्र त्यासाठी फिरवण्यात नेम ठेवायचा नाही. एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेनं घासणाऱ्याचा आरसा एका अक्षात जास्त वाकतो, आणि तो दोष अगदी शेवटी, ताऱ्याचा ठिपका लांबोळका दिसायला लागल्यावर कळतो.

पुढे १२०, २२०, ३२०, ५०० अशा क्रमानं बारीक होत जाणाऱ्या पावडरी, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची आणखी बारीक भुकटी. प्रत्येक पावडरीचं काम एकच : आधीच्या पावडरीचे खड्डे घालवायचे. घाई करणारे इथेच फसतात. ८० नंबरचा एखादा खड्डा ५०० नंबरपर्यंत राहून गेला, तर तो काढायला मागे फिरावंच लागतं. बारीक पावडरीनं तो आयुष्यात जात नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर भिंगातून कडेची काच तपासायची. आरशावर पेन्सिलीनं जाळी काढून दोन मिनिटं घासायचं : सगळ्या रेघा सारख्या पुसल्या तर दोन्ही काचा सगळीकडे टेकतायत, मध्येच टिकल्या तर मध्य अजून खोल आहे. टप्पा बदलताना टेबल, ठोकळे, बादली, नखं, बाह्या, सगळं धुवायचं, खालचे कागद बदलायचे. जाड पावडरीचा एक कण बाहीतून खाली पडला की बारीक टप्प्यावर ओरखडा उमटतो आणि आठवड्याचं काम पाण्यात जातं. आरशाच्या कडेला धार लावायच्या दगडानं दोन मिलिमीटरची तिरपी किनार काढायची आणि ती झिजत गेली की पुन्हा काढायची, नाहीतर धारदार कडेचे टवके उडून तेच टवके काचेवर ओरखडे काढतात. बारीक टप्प्यावर पाणी सुकलं तर दोन्ही काचा एकमेकींना घट्ट चिकटतात. तेव्हा हातोडी घ्यायची नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मग लाकडाच्या तुकड्यानं बाजूनं हलके ठोके द्यायचे.

यानंतर पॉलिश, आणि खरी परीक्षा. टूलवर पिचचा पाच-सहा मिलिमीटरचा थर ओततात. पिच हा काळसर, थंडपणी कडक पण दाबाखाली हळूहळू वाहणारा पदार्थ. काही जण राळेत मेण आणि थोडं तेल घालून घरीच तो बनवतात. वितळवायचा तो मंद आचेवर, मोकळ्या हवेत, आणि टर्पेंटाइन मिसळायचं असेल तर भांडं आचेवरून उतरवल्यानंतरच, कारण त्याची वाफ भडकते. थरावर वीस-पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनांची चर काढायची, पण जाळीचा मध्य टूलच्या मध्यावर येऊ द्यायचा नाही; आला तर आरशावर वर्तुळाकार वळ्या उठतात. मग सेरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून सहा ते आठ तास घासायचं. नागपूरच्या मे महिन्यात पिच इतका सैल होतो की चर तासाभरात बुजतात आणि आरशाची कड खाली झुकते. तोच पिच नाशिकच्या जानेवारीत इतका कडक होतो की काचेवर केसासारखे ओरखडे येतात. म्हणजे पिचचं मिश्रण आपल्या गावच्या हवेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलावं लागतं. अंगठ्याचं नख रोवून किती वेळात खूण उमटते त्यावरून तो जोखायचा. ही जोखणी कोणत्याही पुस्तकातून येत नाही, शेजारी बसलेल्या जाणत्याकडूनच येते, आणि लोकांना एकत्र बसायला खोली हवी असं म्हणण्याचं पहिलं कारण हे आहे.

चाचणीची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या लेआँ फुको यांनी शोधली, आणि ती आजही घरी करता येते. अंधारात आरसा उभा करायचा, त्याच्यापासून २४०० मिलिमीटरवर बारीक फटीमागे दिवा ठेवायचा आणि परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीच्या ब्लेडची धार आडवी आणायची. डोळा ब्लेडच्या लगेच मागे. आरसा अचूक गोल असेल तर तो एकदम, सगळा एकाच वेळी राखाडी होतो. नसेल तर टेकड्या आणि दऱ्या दिसतात, जणू चंद्रावर तिरपं ऊन पडलंय. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; या सावल्यांमध्ये एका मायक्रॉनच्या शतांशापर्यंतचे दोष दिसतात. केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन असते. आरशाला अंगठा मिनिटभर टेकवून ठेवला आणि मग बघितलं, तर अंगठ्याच्या उष्णतेनं काचेला आलेला फुगवटा ठळक दिसतो आणि काही मिनिटांनी विरतो. म्हणूनच पॉलिश केल्याकेल्या आरसा तपासत नाहीत, तासभर तो निवू देतात. हा तासभर न थांबणारे भलत्याच दोषावर इलाज करत बसतात आणि चांगला आरसा बिघडवतात.

दूरच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला गोल आकार पुरत नाही, अन्वस्त म्हणजे पॅराबोला लागतो. दोन्ही आकार मध्यावर जुळवले तर सहा इंची एफ/८ आरशाच्या कडेला त्यांच्यात फक्त ०.२९ मायक्रॉनचा फरक येतो. सगळ्यात चांगल्या रीतीनं जुळवले तर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, ०.०७ मायक्रॉन. हिरव्या प्रकाशलहरीचा हा एक अष्टमांश, आणि आरशाचा दोष एवढ्याच्या आत असावा हा जुना दंडक आहे. म्हणजे एफ/८ चा आरसा नुसता गोल राहिला तरी कसाबसा चालतो, आणि नवख्याला एफ/८ सुचवायचं कारण तेच. नळी आखूड हवी म्हणून कोणी पहिल्याच खेपेला एफ/५ धरला, तर कडेचा फरक ०.२९ वरून १.१७ मायक्रॉन होतो, चौपट. तिथे बरेच जण सोडून देतात. तो दोष त्यांच्या चिकाटीचा नसतो, ते गणित त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं.

एवढं तपशिलात शिरायचं कारण आहे. या कामात माणसाला बरोबर-चूक सांगतो तो आरसा. वरिष्ठांचं मत, पगाराची श्रेणी, जात, डिग्री, इंग्रजी बोलण्याची सफाई, यांतलं काहीही ब्लेडच्या धारेमागे दिसणारी सावली बदलू शकत नाही. कड झुकली असेल तर ती सगळ्यांना झुकलेलीच दिसते. मग कारण शोधावं लागतं : पिच सैल होता, घासण्याची लांबी जास्त होती, की अंगठे कडेवर दाबले जात होते? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी लागते. आपल्या समाजात प्रौढ माणसाला इतक्या स्पष्टपणे, अपमान न होता, चूक दाखवली जाण्याची जागा फार थोडी आहे. कार्यालयात चूक कबूल करणं धोक्याचं असतं, घरात ती मोठेपणाच्या आड येते. पुरावा बघून मत बदलायची सवय शाळेत शिकवून राहत नाही. ती मोठेपणी वापरात असावी लागते. लोकशाहीत मतदान करणारे, सोसायटीच्या सभेत भांडणारे, व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे पाठवणारे सगळे मोठी माणसंच असतात. त्यांनी आठवड्यातले चार तास मोजणं, तपासणं आणि पुन्हा करणं यांत घालवले, तर त्याचा सगळ्यांनाच फायदा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपयोगाचा. त्याला सहज देता येण्यासारखं उत्तर म्हणजे नादातून निघालेल्या मोठ्या कामांची यादी, आणि ती यादी खोटी नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशानं शिक्षक; भारतीय ज्योतिषाचा त्यांनी मराठीत लिहिलेला आणि १८९६ साली छापला गेलेला इतिहास आजही अभ्यासकांना लागतो. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय म्हणजे दिनकर केळकर या एका माणसानं दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, दरवाजे यांच्या मागे आयुष्यभर लावलेला नाद. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) तारा मंदावत गेला, तेव्हा त्याची तेजस्विता रात्रीमागून रात्री नोंदवणाऱ्यांत जगभरचे हौशी निरीक्षक होते. तरीही या यादीवर भिस्त ठेवणं चुकीचं वाटतं. शंभर नादिष्टांतले नव्वद असं काही मागे ठेवणार नाहीत. त्यांचा हक्क या दहा जणांच्या पुण्याईवर का उभा करायचा? त्या नव्वदांनी आपल्या हातानं एक अवघड गोष्ट बरोबर केली, एवढं पुरेसं मानता आलं पाहिजे.

या उदाहरणांतून दुसरंच काही शिकण्यासारखं आहे : नाद टिकतो तो कोणीतरी हत्यार हातात ठेवतं म्हणून. राधागोविंद चंद्र हे जेसोरच्या सरकारी खजिन्यात छोटी नोकरी करणारे गृहस्थ. प्रवेश परीक्षेत ते नापास झालेले. तीन इंची दुर्बिणीतून ते रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे, नोंदवत आणि नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवत. त्या संघटनेनं १९२०च्या दशकात त्यांना सहा इंची दुर्बीण उसनी पाठवली. बंगालमधल्या एका खजिना कारकुनाला, समुद्रापलीकडून. त्यांच्या नोंदींची संख्या ३७ हजारांच्या वर गेली, आणि त्यांचं काम झाल्यावर ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. त्याच सुमारास, १९२० मध्ये, अमेरिकेत व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गावात रसेल पोर्टर यांनी आरसे घासायचा वर्ग सुरू केला. शिकायला आले ते बहुतेक यंत्रांच्या कारखान्यातले कामगार, त्यांत एक स्त्रीही होती. त्यांना एकत्र बसायला जागा होती, मोजमाप कळणारे हात होते आणि शिकवणारा होता. तिथून हा नाद त्या देशभर पसरला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला अवघड लोलक, म्हणजे काचेचे प्रिझम, हवे झाले, तेव्हा याच हौशी मंडळींनी ते घरच्या तळघरांत घासून दिले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि नादिष्ट मंडळी तो टाळतात. नवरा गच्चीवर आरसा घासत असतो तेव्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं कोण बघत असतं? पुरुषाचा नाद बऱ्याचदा बाईच्या वेळेवर उभा असतो. नाद सोडून देणं हा यावरचा इलाज नाही. वेळ वाटून घेणं आणि बाईच्या नादालाही तेवढीच जागा करणं हा आहे. जागेचा प्रश्न इथे फार ठोस होतो. रात्रभर गावाबाहेर माळावर चालणारा कार्यक्रम अनेक स्त्रियांना घरून निघण्यापासूनच अवघड असतो. स्वच्छतागृह नसेल तर अशक्य होतो. आरसा घासण्याचं काम संध्याकाळी सहा ते आठ, घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, चांगल्या उजेडात होऊ शकतं. ज्या छंदगटात बायका दिसत नाहीत त्यानं आधी आपली वेळ आणि ठिकाण तपासावं, मग त्यांना आवड नसते असं म्हणावं.

खर्चाचा आक्षेप त्यामानानं हलका आहे, पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे : खरेदी म्हणजे नाद नव्हे. आपोआप तारा शोधून देणारी मोटारवाली दुर्बीण घ्यायची, दोनदा बाहेर काढायची आणि मग पुढच्या मॉडेलची वाट बघायची, याला बाजार छंद म्हणतो. पैशानं अडचण सोडवायची सवय लागली की कारण शोधायची सवय जाते. हातानं केलेल्या दुर्बिणीचा खर्च मुख्यतः काच, पावडरी आणि आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून घेणं एवढाच. नळी जाड पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची चालते. बैठक प्लायवूडची, फिरण्याच्या जागी सनमायकाचा खडबडीत पत्रा आणि त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे लावले की ती बोटानं सरकवली तरी झटका न बसता सरकते आणि सोडली की तिथेच थांबते.

नादिष्टांनी आपल्या घरातही झाडलोट करावी. नवा माणूस आला की त्याची तोंडी परीक्षा घ्यायची, साध्या शंकेला हसायचं, सामानाचा पत्ता सांगायचा नाही, अशी वागणूक प्रत्येक छंदात आढळते. पक्षी बघणाऱ्यांत आहे, नाणी जमवणाऱ्यांत आहे, कीबोर्ड जोडणाऱ्यांतही आहे. समाजानं आपल्याला जागा द्यावी असं म्हणायचं आणि आपण दार अडवून उभं राहायचं, हे जमणार नाही. दुसरी मोठी उणीव म्हणजे नोंदी. आपल्या गावात कोणता पिच कोणत्या महिन्यात चालला, कोणत्या जाडीची काच वाकली, हे मराठीत लिहून ठेवणारे फार थोडे. प्रत्येक पिढी मग त्याच चुका पहिल्यापासून करते.

आता मागणी. दोनशे चौरस फुटांची एक खोली, हलणार नाही असं दणकट टेबल, पाण्याचा नळ. त्याखाली गाळ बसायला बादली, कारण काचेचा आणि कार्बोरंडमचा चिखल मोरीत सोडला तर तो सिमेंटसारखा बसतो. चाचणीसाठी तीन मीटर लांबीची अंधारी पट्टी, कुलपाची कपाटं आणि जाड-बारीक पावडरींसाठी वेगवेगळे कोपरे. आरशावर ॲल्युमिनियमचा थर निर्वात यंत्रात चढवावा लागतो, तो असतो मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा; असं यंत्र तालुक्यातालुक्याला परवडणार नाही, पण विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी महिन्यातून एक दिवस हौशी लोकांसाठी ठेवला तर भागेल. कोकणात खाऱ्या हवेनं हा थर लवकर उडतो, तेव्हा तो पुन्हा चढवायची सोयही हवीच.

खोल्या नव्यानं बांधायला नकोत. सरकारनं २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हातानं वस्तू करून बघायच्या प्रयोगशाळा, दिल्या. त्या सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. शाळा सुटली की तिथली टेबलं आणि हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत पडून असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्या मोठ्यांना उघडल्या तर मुलांचं काहीच जात नाही. उलट शनिवारी त्याच मुलांना शिकवायला माणसं तयार होतात. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं आहे. त्यांतल्या मोठ्या ग्रंथालयांनी एक खोली कामाच्या टेबलासाठी द्यावी आणि पुस्तकांसारखीच दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, मल्टिमीटर नोंद करून घरी न्यायला द्यावीत. रात्रीच्या आभाळाचं बघायचं तर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी भोवतालच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. जंगलाजवळच्या गावांना जमलं ते नगरपालिकांना आपल्या एका मैदानापुरतं जमायला हरकत नाही.

मुख्याध्यापक आणि ग्रंथपाल विचारतील की जबाबदारी कोणाची, आणि तो प्रश्न रास्त आहे. किल्ल्या दोघांकडे ठेवाव्यात, एक संस्थेकडे आणि एक गटाच्या प्रमुखाकडे. येण्याजाण्याची आणि हत्यारांची वही असावी. पिच वितळवणं फक्त अंगणात आणि दोन माणसं हजर असतील तेव्हाच. कोरडी पावडर उडवायची नाही, कारण ती फुप्फुसात जाते. ओली करूनच हाताळायची. वर्गणी इतकी कमी की रोजंदारीवरच्या माणसालाही देता यावी. सुरुवात जूनमध्ये करावी, कारण चार महिने आभाळ झाकलेलं असतं आणि घासायला वेळ मिळतो. एका आरशाला तीस-चाळीस तास धरले, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळींत तो ऑक्टोबरपर्यंत चाचणीला येतो. पहिल्या गटात आठ जण पुरेत. त्याहून जास्त घेतले तर अंधाऱ्या पट्टीसमोर रांग लागते, कारण निवलेला आरसा नीट तपासायला अर्धा तास जातो आणि घाईनं तपासलेल्या आरशावर पुन्हा दोन संध्याकाळी खर्च होतात.